नववा लाल

कुणी विचारलं, "काय करता?" तर मी सांगायचो, "दिव्यांचे रंग तपासतो." समोरचा माणूस हमखास मान वर करून छताच्या दिव्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "पण हा तर पांढरा आहे." इथवर आलं की मी विषय बदलायचो. लग्नाच्या पंगतीत दोन घासांच्या मध्ये हे काम समजावून सांगता येत नाही, हे अनुभवानं कळलं होतं. आमच्या सासऱ्यांनी तर शेवटपर्यंत माझी ओळख "जावई विजेच्या खात्यात आहेत" अशीच करून दिली.

आता निवृत्त झालोय आणि लिहायला पानं मिळाली आहेत, तर बैजवार सांगतो. पण सगळी नोकरी सांगत बसणार नाही. कुठल्या साली लागलो, कधी बढती मिळाली, हे घरच्यांनाही आठवत नाही. मला सांगायचं आहे ते मुख्यतः एका दिव्याबद्दल. तो मी तपासला, पास केला आणि घरी आणून स्वयंपाकघरात लावला. त्यापायी माझ्या बायकोचा पाय जाता जाता वाचला. वाचला म्हणजे किती, ते पुढे येईलच.

आमची प्रयोगशाळा परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. खासगी. एलईडी दिवे करणाऱ्या कंपन्या आमच्याकडे नमुने पाठवायच्या, आम्ही ते तपासून रिपोर्ट द्यायचो. गंमत अशी की जिथे रंग तपासायचे ती खोली संपूर्ण काळी. भिंती काळ्या, छत काळं, खिडकी नाही, आणि आमचे कोटसुद्धा काळे, कारण पांढऱ्या कोटावरून परतणारा उजेड यंत्राला चालत नाही. खोलीच्या मध्यभागी एक मोठा पोकळ गोळा. आतून पांढराशुभ्र. त्याचं इंग्रजी नाव कागदोपत्री, आमच्यात तो भोपळा. भोपळ्याच्या आत दिवा लावायचा, झाकण बंद करायचं आणि दिवा तापून स्थिर होईपर्यंत गुमान बसायचं. आतल्या पांढऱ्या लेपाला बोट लावायचं नाही. एकदा मी झाकण बंद करताना अंगठा टेकवला होता, त्याचा डाग निघेपर्यंत आठवडाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

आता थोडं धंद्याचं. दिव्याचा स्वतःचा रंग ही एक गोष्ट आणि त्या दिव्याखाली वस्तूंचे रंग कसे दिसतात ही दुसरी. दुकानात आपण विचारतो, "पिवळा की पांढरा?" ती झाली पहिली. दुसरी कुणी विचारत नाही. दोन दिवे शेजारी शेजारी लावले, दोन्ही डोळ्याला सारखेच दिसले, तरी एकाखाली टोमॅटो टोमॅटोसारखा दिसतो आणि दुसऱ्याखाली शिळा. कारण उजेड हे मिश्रण आहे. गरम मसाल्यासारखं. पुडी वरून सारखीच दिसते, एखादा जिन्नस कमी पडलाय हे रस्सा चाखल्यावर कळतं. एलईडीमध्ये मुळात निळा उजेड असतो, त्यावर पिवळट पावडरीचा थर देऊन पांढरा करतात. त्यात कमी पडतो तो बहुतेक वेळा लाल. लाल वाढवला की एकूण उजेड थोडा उतरतो, आणि खोक्यावर तर उजेडाचा आकडा मोठा छापायचा असतो.

म्हणून दिव्याला मार्क देतात, शंभरपैकी. जुना तारेचा बल्ब शंभर धरायचा आणि त्याच्या तुलनेत नवा दिवा कुठे आहे ते बघायचं. त्यासाठी आठ रंग ठरलेले आहेत. खरोखरचे रंग भोपळ्यात ठेवत नाहीत, यंत्र गणितानं काढतं. आठही मवाळ, फिक्कट. गुलाबीसर, मातकट, पोपटी, आकाशी असे. आठांची सरासरी ऐंशी आली की आमच्याकडे येणारा बहुतेक माल पास. यंत्र त्याच्या पुढचेही रंग मोजतं. नववा असतो भडक लाल. तो पडद्यावर दिसतो, पण सरासरीत धरत नाहीत. असं का, तर ते फार पूर्वी कुणीतरी ठरवलंय. लाल फारच कमी असला तर नवव्याचे मार्क शून्याच्याही खाली जातात, उणे येतात, आणि तरी दिवा ऐंशी मिळवून पास होतो. शाळेत अशी सोय असती तर मी गणितात कधीच नापास झालो नसतो.

कामाचा मला अभिमान होता, नाही असं नाही. शिवाजी पार्कच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका एकदा पिशवीत दिवा घेऊन थेट आमच्या दारात आल्या. "मी बहात्तर वर्षांची आहे," त्या म्हणाल्या, "पण ह्याच्याखाली आरशात नव्वदीची दिसते. तुमच्या यंत्राला विचारा." आम्ही एकेकट्याचं काम घेत नसू, पण त्यांच्या आवाजात वर्गावर यायची सवय होती. दिवा भोपळ्यात घातला. उजेडाला चक्क हिरवट झाक निघाली. मी म्हटलं, "बाई, दोष दिव्याचा आहे, तुमचा नाही." त्या म्हणाल्या, "लेखी द्या. सुनेला दाखवायचंय." असे दिवस चांगले जायचे.

आणि मग वैद्य आले. दादरला त्यांचं साड्यांचं जुनं दुकान. दुकानाचं नूतनीकरण करताना त्यांनी एका कंपनीचे दिवे घेतले होते, आमचा रिपोर्ट बघून. रिपोर्टवर सही माझी. वैद्य आले ते काखेत साडीचा खोका घेऊन. आतून कुंकवाच्या रंगाचा शालू काढून त्यांनी माझ्या टेबलावर पसरला.

"हा घरी नेऊन नवरीच्या आईनं परत आणलाय," ते म्हणाले. "म्हणते, दुकानात मरून रंगाचा बघितला होता, घरी लाल निघाला. गेल्या महिन्यात उलटंही झालंय. लाल मागायला आलेली बाई म्हणाली, हा काय वांग्याचा रंग दाखवताय?"

मी रिपोर्ट काढला. "ब्याऐंशी मार्क आहेत, वैद्यसाहेब. पास आहे."

"तुम्ही पास केलंत हो," ते शांतपणे म्हणाले, "पण गिऱ्हाईक नापास करतंय."

त्या मालाचे नमुने अजून आमच्या कपाटात होते. वैद्य गेल्यावर मी एक दिवा पुन्हा लावला. सरासरी ब्याऐंशी. नववा: उणे अकरा. हा आकडा मी पहिल्या खेपेलाही पडद्यावर बघितला होता आणि माझ्या खासगी वहीत टिपला होता. रिपोर्टात नव्हता, कारण कंपनीनं मागितला नव्हता. मी आमचे प्रमुख देसाईसाहेब यांच्याकडे गेलो. माणूस सज्जन, कामात चोख. त्यांनी एकच विचारलं, "नववा मागितला होता का त्यांनी?"

"नाही."

"मग न मागितलेलं आपण लिहायला लागलो तर उद्या नमुने कोण पाठवील? आपण खोटं काही लिहिलंय का?"

नव्हतं लिहिलं. ब्याऐंशी हे ब्याऐंशीच होते. मी वैद्यांना फोन करून सांगितलं की नवीन दिवे घेताना नववा लाल विचारा. त्यांनी तो शब्द कागदावर लिहून घेतला. माझ्यापुरतं प्रकरण मिटलं.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. तपासून झालेले नमुने कंपनी क्वचितच परत न्यायची. ठरावीक मुदत संपली की ते निकालात काढायचे, आणि निकालात काढायचे म्हणजे आम्ही घरी न्यायचे. यात लपवाछपवी नव्हती, वहीत सही करून न्यायचो. लालबागला चाळीत आमच्या मजल्यावर अर्ध्या खोल्यांत माझे दिवे होते. कुणाकडे दिवा गेला की आधी माझं दार वाजायचं. ते उणे अकराचे दिवे मुदत संपल्यावर मीच घेतले. चार घरी लावले, उरलेले मजल्यावर वाटले. घेताना वैद्यांचा शालू डोळ्यांसमोर आला नाही असं नाही. पण मनात म्हटलं, आपल्या घरी कुठे शालू विकायचाय? हे वाक्य मी मनात म्हटल्याचं मला अगदी नीट आठवतं.

माझ्या बायकोचं नाव सुनंदा. माहेर कणकवलीकडचं, त्यामुळे घरात अजून मालवणीच बोलते. तिला शुगर आहे. पायाची संवेदना कमी झालीय, टाचणी टोचली तरी समजत नाही. म्हणून डॉक्टरांनी दोन गोष्टी लावून दिल्या होत्या: दिवसभर सुती मोजे घालायचे, आणि रोज कुणीतरी पाय नीट बघायचे. तिला वाकून तळपाय दिसत नाही, तेव्हा ते काम माझं. संध्याकाळी कामावरून आलो, चहा झाला की ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची, मी खाली पाटावर. पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्या, टाच, तळवा सगळं बघायचो आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचो, "ठीक". तपासणीचं काम ते, मी मन लावून करायचो. समोर टॉवर झाल्यापासून आमच्या आतल्या खोलीत दिवसासुद्धा दिवा लागतो, तेव्हा उजेड त्याच दिव्याचा.

एका गुरुवारी ती म्हणाली, "अहो, डावो पाय गरम लागता हाताक. लाल झालो हा काय बघा."

मी बघितलं. पाय थोडा सुजल्यासारखा होता, पण ती दिवसभर उभी असते. रंग नेहमीचाच, सावळा, करंगळीकडे जरासा मातकट. मी म्हटलं, "नाही गं. लाल कुठे?"

"माका गरम लागता पण."

"मोज्यांमुळे असेल."

तिनं वाद घातला नाही. रंगाच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा होता. साडीच्या खरेदीतसुद्धा ती मला विचारायची. मी "ठीक" लिहिलं. शुक्रवारी लिहिलं, शनिवारीही लिहिलं.

रविवारी सकाळी मोजे धुवून वाळत घालायला ती अनवाणीच गॅलरीत गेली. शेजारच्या घाडीकाकू तिथे तांदूळ निवडत होत्या. काकूंना मोतीबिंदू, एका डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्यांचा आवाज मला आत ऐकू आला, "गो सुनंदा, पाय असो लालभडक कसो? काय सांडलंस काय?"

मी बाहेर आलो. गॅलरीतल्या उन्हात तिचा डावा पाय करंगळीपासून घोट्यापर्यंत लाल होता. शंकेला जागाच नव्हती. मजल्यावरच्या कुठल्याही माणसाला दिसला असता. मी पाय बघितला आणि मग आत त्या दिव्याकडे बघितलं, आणि मला उणे अकरा आठवला.

टॅक्सी करून इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "हे कधीपासून लाल आहे?"

मी म्हणालो, "काल नव्हतं."

"काल असणारच. पाय रोज कोण बघतं?"

"मीच बघतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पायाची बोटं फाकवून बघितली. दोन बोटांच्या मधल्या भेगेतून संसर्ग झाला होता. पाय घोट्यापासून काढावा लागेल का, याचा निर्णय व्हायला चार दिवस गेले. ते चार दिवस मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर होतो. तिथे छताला लांब दिवे होते आणि मी सवयीनं त्यांचे मार्क अंदाजत बसायचो. पाय वाचला. डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या, "दोन-तीन दिवस आधी आणलं असतं तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं." त्यांनी ते ठपका ठेवायला म्हटलं नव्हतं, पण मला दोन-तीन दिवस म्हणजे गुरुवार हे मोजता येत होतं.

घरी आल्यावर मी देवघरातला कुंकवाचा करंडा घेतला. दिव्याखाली धरला, कुंकू विटकरी. गॅलरीत नेला, कुंकू लाल. दोन-तीन वेळा आत-बाहेर केलं. यंत्र नाही, भोपळा नाही. आख्खी चाचणी एका करंड्यात होत होती आणि मला ती तोपर्यंत सुचली नव्हती.

माझे वडील गिरणीत रंगखात्यात होते. कापडाचा रंग ठरल्या नमुन्याशी जुळला की नाही ते बघायचं त्यांचं काम. ते सांगायचे, "दिव्याखाली शेड पास करूची नाय. खिडकीर न्हेवची." त्यांच्या खात्यात एक उत्तरेची खिडकी होती, कापडाची चिंधी तिथे नेल्याशिवाय सही होत नसे. पाळी कितीही घाईची असो, सकाळपर्यंत थांबायचे. मी लहानपणी हे शंभरदा ऐकलं होतं आणि पुढे शिकून बिनखिडकीच्या खोलीत रंग तपासायला लागलो. वडील एकदा माझी प्रयोगशाळा बघायला आले होते. सगळं फिरून झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, "खिडकी खंय?" मी तेव्हा हसलो होतो.

त्याच आठवड्यात मी मजल्यावर घरोघर जाऊन दिवे बदलायला लागलो. वाटलं होतं त्याहून हे अवघड निघालं. फुकट दिलेला दिवा परत मागणारा माणूस लोकांनी बघितला नव्हता. "चालतोय की मस्त," "उजेड चांगला पडतो," असं प्रत्येकजण म्हणे. घाडीकाकू तर दारात आडव्या उभ्या राहिल्या. "चांगलो पेटता दिवो, कित्याक काढतंस? तूच दिलेलो मा?"

"काकू, त्यात लाल कमी आहे."

"माका ह्या वयात लाल घेवन काय करूचा?"

शेवटी मी त्यांना करंडा दाखवला, आत आणि गॅलरीत. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे सुनंदाचो पाय तुका दिसाक नाय, तो हेच्यामुळे?" मी हो म्हटलं. त्यांनी स्वतःच स्टूल आणून दिलं.

प्रयोगशाळेत मी देसाईसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी सुनंदाची चौकशी केली, मनापासून केली. मग म्हणाले, रिपोर्टात नववा छापता येणार नाही, पण नमुन्याच्या अर्जावर एक चौकोन वाढवू: "नववा लाल हवा आहे का?" हवं तर कंपनी खूण करील. चौकोन छापून आला. निवृत्त होईपर्यंत आलेले अर्ज मीच उघडायचो, बहुतेकांचा चौकोन कोरा असायचा. मी फोन करून तोंडी सांगायचो. काही ऐकून घ्यायचे, काही म्हणायचे, "साहेब, पास आहे ना? बस्स." वैद्यांनी मात्र दुकानातले सगळे दिवे बदलले आणि मला कळवलं. या सगळ्यातून मी फार काही बदललं असं नाही. पण पास हा शब्द लिहिताना आधी हात जसा सरसर चालायचा तसा पुन्हा चालला नाही.

सुनंदानं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं. पाय बघण्याची जागा तेवढी बदलली. आता सकाळी, गॅलरीत. मी पाटावर, ती स्टुलावर. सुरुवातीला मजला हसायचा. घाडीकाकू म्हणायच्या, "बघा, घोव बायलेच्या पायाक लागलो." नवरा बायकोच्या पाया पडतोय म्हणे! नंतर सवय झाली.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही असेच बसलो होतो. कामावर जायची घाई नव्हती. मी पाय बघत होतो आणि तिनं अचानक, इतक्या काळात पहिल्यांदाच, विचारलं, "अहो, मग तो दिवो पास कसो झालो?"

मी तिला सांगितलं. पंगतीत कुणाला सांगितलं नव्हतं तेही सगळं सांगितलं. आठ रंग असतात, त्यांचे मार्क धरतात, नववा लाल असतो, पण तो मोजणीत नाही.

"म्हंजे आठ बरे आसले की पास?"

"हो."

"नवव्याक कोण विचारणा नाय?"

"नाही."

तिनं दोन्ही पाय समोर उन्हात घेतले आणि उजव्या पायाच्या करंगळीपासून बोटं मोजायला सुरुवात केली. उजव्या पायाची पाच झाली, डाव्याची तीन. मोजून झाल्यावर ती माझ्याकडे बघून हसली, अगदी मोकळं हसली.

"माझी पण आठच आसत," ती म्हणाली. "लिवा. आठ, पास."

कॅलेंडर मांडीवर होतं. त्या दिवसाच्या चौकोनात मी आठ लिहिलं. पुढचा शब्द लिहायला हात धजला नाही.